शिवम्माकाकूंच्या कॅसेटवरचा खोकला

शिवम्माकाकूंच्या तोंडाचा पट्टा एकदा सुरू झाला की गल्लीत दुसऱ्याला बोलायची सोय नाही. माहेर संकेश्वरचं, त्यामुळं कन्नड फाडफाड. कागलजवळच्या आमच्या गावात त्यांच्याशी भांडायचं कुणाचं धाडस नव्हतं, माझं तर नव्हतंच.

अठ्ठ्याण्णव साली धारवाडला म्हशी पाळणाऱ्या बायकांची परिषद भरली. आमच्या दूध संस्थेतून काकू आणि विठाबाई जाणार होत्या. विठाबाईनं नवं लुगडंसुद्धा काढून ठेवलेलं. पण तिचे सासरे पिराजीतात्या आडवे आले. "म्हसरं कोण बगणार? तुझा बा?" झालं! काकू एकट्या गेल्या आणि विठाबाईनं ते लुगडं परत ट्रंकेत टाकलं. मला तर त्या म्हाताऱ्याचा असा राग आला म्हणता!

काकू परतल्या त्या भाषणांच्या कॅसेटी भरून घेऊनच. ऐकायची बैठक ठरवली तीही मुद्दाम विठाबाईच्या घरापुढच्या सोप्यात. तात्या कोपऱ्यात सुपारी कातरत बसलेले. टेपवरच्या मॅडम कन्नडमध्ये बोलायच्या, काकू बटण दाबून मराठीत सांगायच्या.

"मॅडम म्हणत्यात, रेडकाला जल्मल्याबरोबर चीक पाजा."

बरं.

"मॅडम म्हणत्यात, धारंआधी सड धुवा."

तेही बरं.

"आन् म्हणत्यात, जी म्हसरं राखती तिलाच परिषदेला धाडा. घरातल्या म्हाताऱ्यानं दोन दिस शेण काढलं तर त्येचं हात झिजत न्हाईत."

आम्ही पदर तोंडाला लावला. कारण या वेळी टेपवर मॅडम नुसत्या खोकल्या होत्या.

"शिवम्मा, टेप मागं घ्या," तात्या म्हणाले. पुन्हा तोच खोकला. "धा वर्सं गोकाकात काडल्यात मी. कन्नड कळतंय मला."

काकूंचा चेहरा पडला. त्यांनी टेप बंद केला. विठाबाईची तर पुढच्या वर्षाचीही आशा गेली.

"इठाबाई, तुला येतंय का कन्नड?" तात्यांनी विचारलं.

"न्हाय मामंजी."

"मग तितं जाऊन तुला काय कळणार?"

विठाबाईनं मान वर केली. "खोकल्याचं तरी कळंल की!"

सोप्यात असा हशा उसळला! तात्यांनाही हसू आवरेना, सुपारी घशात गेली आणि ते खोकायलाच लागले. काकूंना तेवढंच पुरे होतं.

"तात्या म्हणत्यात, फुडल्या साली इठाला खुशाल न्या. म्हसरं मी बगतो."

तात्यांनी डोळे पुसले, पाण्याचा घोट घेतला.

"ह्ये मातर बरोबर सांगितलं," ते म्हणाले.