विठाबाई सांगायची तो सिनेमा

आमच्या गौलीगुड्याच्या गल्लीत हिंदी सिनेमा विठाबाईच्या तोंडून यायचा. शहरात थिएटरांना तोटा नव्हता, पण सिनेमाला जाणं हे चांगल्या घरच्या बायकांचं लक्षण नव्हे, असं चांगल्या घरच्या पुरुषांचं मत होतं. हे पुरुष स्वतः 'ऑफिसात काम निघालं' म्हणून संध्याकाळी उशिरा येत आणि हातपाय धुताना नव्या पिक्चरचं गाणं गुणगुणत. बायकांना ते ऐकू यायचं, पण ऐकू आलं असं दाखवायची पद्धत नव्हती.

विठाबाई मूळची नांदेडकडची. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. गल्लीतल्या घरांचं तिखट-मसाला कांडून देणं, धान्य निवडणं, पापड लाटणं यावर तिचं चालायचं. पहाटे तिच्या मुसळाच्या आवाजानेच आम्ही जागे व्हायचो. तिचा भाचा सूर्यभान एका थिएटरवर दारावर उभा असे, आणि त्याच्या कृपेने तिला जनान्यात फुकट शिरता यायचं. जनाना म्हणजे बायकांची वेगळी जागा. दार वेगळं, पुढे जाड पडदा, दिवे गेले की पडदा बाजूला व्हायचा. दर रविवारी दुपारच्या खेळाला विठाबाई तिथे हजर, आणि संध्याकाळी एकनाथरावांच्या परसात तिचा दरबार.

एकनाथराव म्हणजे निजामाच्या कारकिर्दीत हिशेबखात्यातून पेन्शनीत निघालेले गृहस्थ. त्यांच्या चार पिढ्या सरकारी नोकरीत झिजल्या होत्या आणि त्याचा त्यांना फार अभिमान होता. त्यांच्या पत्नी पद्मावतीकाकू. त्यांचंच परस, त्यांचाच चहा. आमचं घर त्यांच्या भिंतीला लागून. मी तेव्हा मराठी शाळेत नुकतीच शिक्षिका झाले होते, आणि नव्या मास्तरणीला वाटतं तसं मलाही वाटे की जगातल्या सगळ्या चुका लाल शाईने दुरुस्त करायचं काम माझ्याकडेच सोपवलेलं आहे.

त्या वर्षांत पिक्चरांमध्ये एकाच पोराची साथ आली होती. पोरगा खेड्यातला, गरीब, दिसायला देखणा. आई आजारी किंवा आंधळी, काही पिक्चरांत दोन्ही. पोरगा कपड्यांचं गाठोडं खांद्यावर टाकून मुंबईला निघतो आणि शेवटी मोटारीतून, हार घालून, परत येतो. काय करून मोठा झाला हे दर पिक्चरला वेगळं असे. कधी गायक, कधी नट, कधी कारखानदार. बायकांना त्याच्याशी कर्तव्य नव्हतं. पोरगा मोठा झाला ना, झालं तर मग.

विठाबाई सांगायची मात्र अशी की पिक्चर त्यापुढे फिका पडावा. आईच्या पाया पडताना पोराचा हुंदका, गाडीची शिट्टी, खाष्ट मामाचं डाफरणं, सगळं तिच्या गळ्यातून निघे. पोरगा मुंबईच्या स्टेशनावर उतरला की ती पदर झटकून थांबायची. चहाचा घोट घ्यायची. मग म्हणायची, "पुढं काय सांगू माय! नशीब उघडलं की हो पोराचं! बंगला काय, मोटार काय, लोकांचा हा मेळा!" आणि एकदम शेवटाला जायची.

याचं कारण गल्लीत फक्त मला ठाऊक होतं. एका सुट्टीत मी तिच्याबरोबर गेले होते. पोरगा मुंबईत उतरला, पंख्याखाली जरा गार वाटलं, आणि विठाबाईची मान खांद्यावर पडली. पहाटेपासून मुसळ चालवलेली बाई, तिला आठवड्यात अंधारी, थंड, कोणी हाक मारणार नाही अशी एवढीच जागा मिळायची. ती झोपली ती शेवटी पुरुषांनी शिट्ट्या मारल्या तेव्हा जागी झाली, आणि पदराने तोंड पुसून म्हणाली, "काय पिक्चर हाय नै!"

मी परसात येऊन सांगितलं की विठाबाई मधे झोपते. माझ्यावरच उलटलं. विठाबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "मी झोपती? मी? भारतीबाई, शाळेत पोरं झोपत्यात तुमच्यासमोर, म्हणून काय समदं जग झोपतं?" बायका खो खो हसल्या. पद्मावतीकाकूंनी मला समजावलं की दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही असं करू नये. आमच्या गल्लीत विठाबाईला नाव होतं, आणि नावापुढे खऱ्याचं काही चालत नाही.

ऐकणाऱ्यांत गोविंद होता. पद्मावतीकाकूंचा एकुलता एक. एकनाथरावांनी त्याला आयुष्यात दोन पिक्चर पाहू दिले होते, दोन्ही देवांचे. बाकी सगळे त्याने मागच्या दाराशी उर्दू वर्तमानपत्र तोंडासमोर धरून विठाबाईकडून ऐकले, लहानपणापासून. आता तो महसूलखात्यात कारकून होता. गणपतीत गायचा, साहेबाची नक्कल करायचा, आणि ऑफिसात 'वाह मियाँ, तुम तो बंबईकू जाना' असं म्हणणारे दोन-चार दोस्त त्याने बाळगले होते. त्याला मोठं व्हायचं होतं. कशात, ते ठरायचं होतं. मी एकदा विचारलं तर म्हणाला, "ते तिथे गेल्यावर कळतं."

तेवढ्यात निजामाच्या जुन्या राज्याचे तुकडे करायचं ठरलं. छप्पन साल. तेलुगू मुलूख आंध्राकडे, कानडी म्हैसुराकडे, मराठवाडा मुंबई राज्याकडे. ऑफिसांत कपाटं वाटली गेली, खुर्च्या वाटल्या गेल्या, मग माणसांची पाळी आली. जो तो एकमेकांना विचारायचा, "तुमी कुणीकडे?" जणू पंगतीत जागा धरायची होती. एकनाथराव खुशीत होते. त्यांच्या मते सरकारं बदलतात, पगाराची तारीख बदलत नाही. गोविंद म्हणाला, "मी मुंबईकडे," तेव्हा त्यांनी मान डोलावली. औरंगाबादेत बदली होईल, घर बघता येईल, पुढच्या वर्षी लग्न. सगळं त्यांनी मनात मांडूनही टाकलं.

गोविंदाने गणपती उठल्यावर राजीनामा दिला.

त्या घरात कोणी मेलं असतं तरी इतका कल्लोळ झाला नसता. मेल्यावर निदान बायकोला अर्धी पेन्शन मिळते. राजीनामा हा शब्द त्या घराण्यात कोणी उच्चारलाच नव्हता. एकनाथराव ओरडले, हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये म्हणाले, शेवटी बोलेनासे झाले. गोविंदाला ते फार आवडलं. विठाबाईच्या प्रत्येक गोष्टीत बाप किंवा मामा असाच आडवा येतो. म्हणजे सगळं रीतसर चाललं होतं.

आई मात्र रीतसर वागत नव्हती. ती आंधळी नव्हती, आजारी नव्हती, आणि तिचा एकच प्रश्न होता. "तिथे उतरणार कोणाकडे?"

"उतरायचं काय आई? स्टेशनावर उतरायचं."

"आणि मग?"

"मग नशीब उघडतं," गोविंद म्हणाला. थट्टेने नाही, अगदी मनापासून.

पद्मावतीकाकूंनी ट्रंक भरली. गादी, पांघरूण, तांब्या, लोणच्याची बरणी. नामपल्ली स्टेशनवर त्याने ती ट्रंक आमच्याकडे परत दिली आणि दोन सदरे, दोन धोतरं एका चादरीत बांधून गाठोडं खांद्यावर टाकलं. ट्रंक घेऊन कोणी मोठं झालेलं त्याने ऐकलं नव्हतं. विठाबाईने दिलेल्या दशम्या तेवढ्या घेतल्या. ती अभिमानाने फुलली होती. तिचा पहिला स्वतःचा हिरो निघाला होता. "दिवाळीला मोटार घिऊन ये रे बाबा," ती म्हणाली, आणि गोविंद गंभीरपणे "हौ" म्हणाला.

दिवाळी आली. नवं राज्यही त्याच सुमारास आलं, ऑफिसांवरच्या पाट्या बदलल्या. गोविंद आला नाही. 'मी ठीक आहे' एवढंच कळवलं होतं, राहतो कुठे ते नाही. संक्रांतीच्या आधी अफझलगंजचे एक कापडवाले मुंबईहून परतले. त्यांना गोविंद एका स्टुडिओच्या फाटकाबाहेर गर्दीत उभा दिसला होता. हाक मारली तर त्याने तोंड फिरवलं. "बहोत सुकलाय बघा," ते सहज म्हणाले, आणि खरेदीचं बोलू लागले. असल्या माणसांना पुढे काही झालं तरी कळत नाही की आपण काय बोलून गेलो.

पद्मावतीकाकूंचं जेवण त्या दिवसापासून तुटलं. ताटावर बसायच्या, घास हातात घ्यायच्या आणि बघत राहायच्या. रविवारी बायका जमल्या, विठाबाईने सुरुवात करायला घसा खाकरला, तर काकूंनी तिचा हात धरला.

"विठाबाई, आजचा राहू दे. मला एक सांग. ही पोरं स्टेशनावर उतरतात आणि मोटारीत बसतात, त्याच्या मधे काय होतं? निजतात कुठे? जेवायला कोण घालतं? तू तर सगळे पाहिलेस."

बायका विठाबाईकडे बघू लागल्या. मी तिला इतक्या वर्षांत शब्द शोधताना पाहिलं नव्हतं. तिने चहा घेतला, पदर झटकला. शेवटी म्हणाली, "नवा पिक्चर लागलाय तसलाच. नीट बघून येती. पुढच्या रविवारी समदं सांगती."

त्या रविवारी ती मला बरोबर घेऊन गेली. कनवटीला हिरव्या मिरच्या होत्या. पोरगा मुंबईत उतरला तशी तिने एक मिरची चावली. डोळ्यांतून पाणी आलं, पण डोळे उघडे राहिले. पोरगा फाटकाफाटकातून हाकलला गेला. दुकानाच्या फळीवर निजला, तिथून पोलिसाने उठवला. नळाचं पाणी पोटभर प्यायला आणि आईला लिहिलं की मी ठीक आहे. जनान्यातल्या बायका शेंगा खात बघत होत्या, कारण पुढे सगळं गोड होणार हे त्यांना माहीत होतं. विठाबाई उठून उभी राहिली आणि मोठ्याने म्हणाली, "अगं, कोणी तरी जेवू घाला की त्याला!"

मागून 'बैठो अम्मा, बैठो' सुरू झालं. ती बसली नाही. पिक्चरमध्ये गाणं लागलं, पोराची दैना संपायच्या बेतात आली, आणि ती माझा दंड धरून बाहेर पडली. शेवट तिला पाठ होता, आणि आता त्यावर तिचा काडीचा विश्वास उरला नव्हता. गल्लीच्या तोंडाशी म्हणाली, "माझ्या दशम्या दोन दिस बी पुरल्या नसत्याल." मला रडू आलं. माझ्या रागाचं काय करावं ते मला कळेना. तो तिच्यावर होता, गोविंदावर होता, आणि शेंगा खाणाऱ्या बायकांवर तर होताच.

परसात आज दुप्पट गर्दी होती. मागच्या दाराशी एकनाथरावही येऊन उभे होते. वर्तमानपत्र हातात, पण उघडलेलं नाही. पद्मावतीकाकूंनी पाट पुढे सारला.

"बस. सांग आता. मधे काय होतं?"

विठाबाई पाटावर बसली. तिने काकूंच्या तोंडाकडे पाहिलं, खूप वेळ. मग मान खाली घातली.

"काय सांगू माय," ती म्हणाली. "डोळा लागला माझा."

मग एक बाई फिस्सकन हसली, आणि सगळं परस हसलं. "म्हणजे भारती खरंच सांगत होती!" "अगं, म्हणजे तू दर वेळी झोपायचीस की काय!" "आणि आम्ही इथे डोळे पुसत बसायचो!" विठाबाईने एकीलाही उलटं उत्तर दिलं नाही. मलाही कोपऱ्यातून कोणी विचारलं, "भारती, तू होतीस ना?" विठाबाईने वर पाहिलं. मी म्हणाले, "मीही झोपले."

"म्हणजे तुला काहीच ठाऊक नाही?" पद्मावतीकाकूंनी विचारलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण सैल झाला होता. "बरं तर बरं. मी आपली उगीचच काहीबाही मनात आणत बसले." आणि सुनेला सांगावं तसं हक्काने विठाबाईला म्हणाल्या, "ऊठ, पानं घे. मला भूक लागलीय."