बाटलीच्या तळाचा गाळ

विलायतेत, हाउन्सलोच्या गोदामात मी जन्मभर बिअरची खोकी उतरवली. त्यात एक बिअर बेल्जियमची होती, एकाच घराण्याची. तिचा म्हातारा मालक वर्षातून एकदा ट्रकमध्ये बसून स्वतः यायचा. खोक्यावर बसून घरचं सांगायचा. पणजोबानं गोठ्यात भट्टी घातली. लढाईत जर्मनांनी तांब्याची भांडी नेली, तर आजीनं गुरांच्या कढईत बिअर उकळली, पण बंद पडू दिली नाही. "तळाचा गाळ जिवंत असतो, फेकू नकोस. आमचं घर त्या गाळात आहे," म्हणायचा.

घरी सांगितलं तर बायको म्हणाली, "जिवंत आहे ना? मग लावू कामाला."

इथल्या थंडीत आंबोळीचं पीठ आंबायचंच नाही. तिनं तो गाळ पिठात घातला. सकाळी पीठ पातेल्याबाहेर! मंडळातल्या बायका विचारायच्या, "वहिनी, एवढी जाळी पडते कशी हो?" ही म्हणायची, "हाताचा गुण." मी दाराआड हसायचो. दर शनिवारी एक बाटली. बिअर मला, शेवटची दोन बोटं तिला.

ती गेल्याला परवा वर्ष झालं. पानावर आंबोळ्या वाढायच्या, त्याही माझ्या हातच्या, असं ठरवलं होतं. आदल्या दिवशी बाटली आणून तळातलं पिठात ओतलं. सकाळी पीठ जसंच्या तसं. दुसरी बाटली ग्लासात उपडी केली. गाळाचा कण नाही. लेबलवर मात्र तेच घर, तेच घराणं.

मुलाला फोन केला.

"बाबा, त्या म्हाताऱ्याच्या नातवंडांनी कंपनी कधीच विकली. आता फॅक्टरीत फिल्टर करतात. आईला सांगितलं होतं मी."

"कधी?"

"झाली चारेक वर्षं."

"आणि मला?"

"आई म्हणाली, त्यांना नको सांगू."

मग तिची शेवटची तीन वर्षं पीठ फुगत कशानं होतं? डबे उपसले. रव्याच्या डब्यामागे यीस्टच्या पुड्या, रबर लावून ठेवलेल्या. म्हणजे ही बाई दर शनिवारी माझ्या हातून बाटली घ्यायची आणि सिंकमध्ये ओतायची. वर "म्हाताऱ्याचा गाळ चांगला हो," असंही म्हणायची.

नातवंडांनी म्हाताऱ्याला विकलं, ते मला कळतं. पैसा दिसला की माणूस फिरतो. पण तू? सांगितलं असतंस तर चार दिवस शिव्या घातल्या असत्या आणि गप्प बसलो असतो. तेवढाही भरवसा नव्हता माझ्यावर?

पुडी फोडून पिठात घातली. दुपारपर्यंत फुगलं. आंबोळ्या फोटोपुढे ठेवल्या. जाळी सुरेख पडली होती.

मी एकही खाल्ली नाही.