देवळाच्या पायरीखालचे पाच ठोके

सन एकोणीसशे ब्याऐंशी. मी चोवीस वर्षांचा होतो. शाळा चौथीत सोडलेली, त्यामुळे लिहिताना कुठं काना-मात्रा चुकला तर चुकला. पण जे लिहितोय ते घडलेलं आहे, त्यात मला कुणी दुरुस्त करायला येऊ नये.

पोलादपूर तालुक्यात, कापडे गावाच्या पलीकडे आमची बौद्धवाडी. आम्हा चौघा दोस्तांचा बेंजोचा बाजा होता. बेंजोवाला दोस्त पोलादपुरात रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात कामाला. त्यानंच बेंजोला वायर जोडून भोंग्यातून आवाज काढला. एक जण ताशावर, एक झांजेवर, आणि ढोल माझा. माझा म्हणजे मी वाजवायचो. घेतला होता चौघांनी मिळून. शिकवलं कुणी नाही. भात कापून मोकळ्या झालेल्या शेतात उभं राहून धडाधड वाजवायचो. वाडीतल्या बाया ओरडायच्या, "मेल्यांनो, म्हशी पान्हा चोरतात रे तुमच्यापायी!" बेंजोवाला म्हणायचा, "म्हशींना सांगा, आता खेडपर्यंत ऐकू जानार हाय."

माझा बाप मात्र बाजा सुरू झाला की उठून नदीवर जायचा. धर्मांतराआधी वरच्या, सवर्णांच्या गावाचं वाजवणं आमच्या माणसांवर होतं. लग्न असो, पालखी असो, मयत असो. हाक आली की ढोल घेऊन जायचं आणि देवळाच्या पायरीखाली उभं राहायचं. गाव त्याला मान म्हणायचं. धर्म बदलला तेव्हा वाडीनं ते सोडलं, आणि त्यापायी पुढं बरंच सोसलं. बाप मला म्हणायचा, "ढोल घेतलास ना? आता हाक येनारच."

"येऊ दे. जायचं का नाय ते आमी ठरवू," मी म्हणायचो.

ठरवलंही मीच. आपल्या माणसांच्या हळदीला वाजवायचं, जयंतीला वाजवायचं, महाडात कुणी बोलावलं तर जायचं. महाडच्या एका मुसलमान व्यापाऱ्यानं पोराच्या लग्नात आम्हाला पाहुण्यांच्या पंगतीत बसवून जेवू घातलं होतं. पण वरच्या गावात पाय ठेवायचा नाही.

त्या वैशाखात वरच्या गावचा एक पोरगा आमच्याकडे आला. बेंजोवाल्याच्या वर्गात शिकलेला. त्याचंच लग्न होतं.

"बाजा म्हणून या. मांडवात खुर्च्या टाकतो. जेवण सगळ्यांबरोबर."

"आनि देवळापुढं?" मी विचारलं.

"देवळापुढं काय नाय. शपथ."

बेंजोवाला माझ्याकडे बघत होता. गावानं एकदा आपल्याला खुर्चीवर बसलेलं बघावं, ही त्याची फार दिवसांची इच्छा. मी हो म्हटलं.

खुर्च्या खरंच होत्या. आम्ही बसून वाजवलं, गावची पोरं घामाघूम होऊन नाचली. ज्या बायांनी आमच्या आयांना कधी अंगणाच्या आत घेतलं नव्हतं, त्या पदर खोचून बघत उभ्या होत्या. बेंजोवाल्याच्या तोंडावरचं हसू मावत नव्हतं. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

मग नवरा मुंडावळ्या बांधून देवाच्या पाया पडायला निघाला. बाजा पुढं, वरात मागं. देऊळ आलं तसा मी ढोल थांबवला. ठरल्याप्रमाणे पुढं निघून वळणावर थांबायचं होतं. तेवढ्यात नवऱ्याचा चुलता आडवा आला. म्हातारा, कोरडा माणूस. त्यानं माझं तोंड निरखलं.

"तू त्याचाच पोरगा ना? हात तसाच हाय. ये, पायरीखाली उभा राहा. पाच ठोके दे, मग नवरा वर चढेल. तुझ्या बापाचा मान हाय तो."

"काका, राहू द्या," नवरा हळूच म्हणाला. चुलत्यानं त्याच्याकडे बघितलं नुसतं. नवरा खाली बघायला लागला. अख्खी वरात उन्हात थांबली.

"बापानं तो मान सोडलाय," मी म्हटलं.

"बापानं सोडला. देवानं कुठं सोडला?"

मागून कुणीतरी हसलं. बेंजोवाला माझ्या कानाशी आला. "दे ना रे. पाच ठोके. दिवस चांगला चाललाय."

"नाय."

"मग ढोल हिकडं दे, मी देतो."

त्यानं ढोलाच्या पट्ट्याला हात घातला. पायरीवर नारळ सोलायला ठेवलेला कोयता होता. मी तो उचलला. लोक भराभर मागं सरले. मी ढोल खाली ठेवला आणि कोयता चामड्यावर घातला. दोन्ही बाजूंनी.

पहिली लाथ बेंजोवर बसली. मग बेंजोवाल्यावर, कारण तो सुटी झालेली बटणं गोळा करायला खाली वाकला होता. ताशेवाल्याचं डोकं फुटलं. मला दोघांनी धरून ठेवलं होतं. मारलं मात्र इतरांना.

परतीच्या वाटेवर बेंजोवाला एकदाच बोलला. "मान त्यांनी मागितला. बाजा तू फोडलास."

"आज वाजवला असता तर उद्या मयताला बोलावलं असतं."

"तवा नाय म्हटलं असतं."

"तवा कोन ऐकतो?"

तो पुढं निघून गेला.

घरी बापाला सांगितलं. वाटलं होतं, पाठीवर हात ठेवील. त्यानं फुटक्या ढोलात वाकून बघितलं. "आमी ढोल खाली ठेवले," तो म्हणाला. "फोडले नव्हते. ढोलानं काय केलं होतं?"

मला ते तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. तशा जागी ढोल शाबूत असेल तर पुन्हा हाक येते.

दिवे लागायच्या आत गावाकडून निरोप आला. पेरणी तोंडावर होती, आणि वाडीतल्या कुणाला शेतावर बोलवायचं नाही असं ठरलं होतं. कुणी माझ्या घरी येऊन काही बोललं नाही. शेजारच्या दारातून एक म्हातारी तेवढी म्हणाली, "झालं रे बाबा तुझं वाजवून?"

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या एसटीनं महाडला गेलो आणि औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या गेटावर रोजंदारीच्या रांगेत उभा राहिलो. पुढं बघितलं तर बेंजोवाला. रेडिओच्या दुकानाचा मालक वरच्या गावचा, तिथं आता त्याला जागा नव्हती. ओठ सुजलेला. त्यानं मला बघितलं, पण रांगेतली जागा सोडून माझ्याजवळ आला नाही. मुकादमानं त्याला विचारलं, "काय येतं?"

"काय नाय. पोती उचलतो."

माझी पाळी आली तेव्हा मीही तेच सांगितलं, आणि आत गेलो.