आक्काचा आवाज भरायचं यंत्र

माझ्या मोठ्या बहिणीचं स्वरयंत्र काढावं लागणार, असं डॉक्टर सांगत होते तेव्हा ती शेजारच्या खुर्चीत बसून पिशवीचे बंद सारखे करत होती. गळ्यातली गाठ वाईट निघाली होती. ऑपरेशन झालं तर ती जगेल, जेवेल, हिंडेल-फिरेल, पण बोलणार नाही. तीन आठवड्यांनंतरची तारीख मिळाली. बाहेर आल्यावर आक्का म्हणाली, चहा घेऊ कुठंतरी. मला तिचा भयंकर राग आला. डॉक्टर एवढं सांगतायत आणि हिला चहा सुचतोय. दोन-दोन कप प्यायलो, पण दोघींपैकी कुणी अवाक्षर काढलं नाही. हातात तीनच आठवडे असताना एक अख्खा तास आम्ही गप्प बसून घालवला, याची हळहळ मला अजून वाटते.

मी बेलापूरला एकटी राहते. शाळेतून निवृत्त झाले, त्याच्या पुढच्याच वर्षी मालक गेले. मूलबाळ नाही. आक्का तिसगावला, मुलगा-सुनेजवळ. रोज संध्याकाळी सातला तिचा फोन यायचा. पहिलं वाक्य ठरलेलं, जेवलीस का. सातला कोण जेवतं, हे मी तिला वर्षानुवर्षं सांगत आले. ती दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच विचारायची. शेजारपाजारच्या बायका भल्या आहेत, पण त्या मला 'बाई' म्हणतात, आणि बाईंना कुणी जेवलीस का विचारत नाही. दिवसभरात माझ्याशी बोलणारं माणूस म्हणजे आक्का. ते बंद होणार होतं. म्हणून ठरवलं, तिचा आवाज आधीच भरून ठेवायचा.

मोबाईलवर भर की, असं चार जणांनी सुचवलं. सुचवायला काय जातं? मालकांचा आवाज माझ्या मोबाईलवरच होता. ते दवाखान्यातून बारीकसारीक निरोप बोलून पाठवायचे, चार्जर आण, मोसंबी आणू नको. ते गेल्यावर चारेक महिन्यांनी धुणं भिजवताना मोबाईल बादलीत पडला आणि त्यासोबत मोसंबीही गेली. दुकानदाराने मोबाईल उघडून दाखवला आणि मान हलवली. दुधाने तोंड पोळलं होतं, आता ताक फुंकून प्यायचं होतं. मला वेगळं यंत्र हवं होतं, बटणांचं, ज्याला फोन येत नाही आणि ज्यावर कुणी गुड मॉर्निंग पाठवत नाही.

श्रीरामपूरच्या दुकानात गेले आणि 'आवाज भरायचं यंत्र दाखवा' म्हटलं. दुकानदाराने लाल-निळे दिवे लुकलुकणारा स्पीकर काढला, आत पाचशे भक्तिगीतं भरलेली. चूक त्याची नाही. आमच्याकडे गाणीही 'भरतात' आणि आवाजही 'भरतात'. दोन्हीला एकच शब्द. मी समजावून सांगितल्यावर त्याने एक पेन आणून ठेवलं. दिसायला साधं पेन, आत गुपचूप आवाज टिपणारं. मग काउंटरवर वाकून हळूच विचारलं, कुणाला पकडायचंय का बाई? मी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने पेन परत डब्यात ठेवलं.

चार दिवस मी दुसरं काही केलं नाही. ओळखीच्यांच्या मोबाईलवर जाहिराती पाहिल्या, लोकांनी लिहिलेलं वाचलं, वहीत दोन रकाने पाडले. एक यंत्र गाणी सुरेख वाजवायचं, पण भरलेला आवाज डब्यातून आल्यासारखा यायचा. दुसरं आवाज चांगला भरायचं, पण त्यावर इतकी बटणं की नाकापेक्षा मोती जड. शेवटी तळहाताएवढं, पेन्सिल-सेलवर चालणारं एक पसंत केलं. गाणी वाजवतं, रेडिओ लागतो, आवाज भरतं, आणि चालू असलं की लाल दिवा लागतो. त्यात एक सोय होती. बोलणं थांबलं की यंत्र आपोआप थांबतं, पुन्हा आवाज आला की सुरू होतं. जागा वाचते म्हणे. ती सोय मी सगळ्यात आधी बंद केली. आक्का बोलता बोलता थांबते, श्वास घेते, काहीतरी गिळते. ते वगळून आक्काचं उरतं काय?

ऑपरेशनच्या आधी तिसगावला जाऊन राहिले. तीन दुपारी आम्ही ओट्यावर बसलो. यंत्र मध्ये, उलट्या पातेल्यावर. पहिली दुपार निम्मी वाया गेली, कारण ती दर वाक्याला विचारायची, "चालू हाय का बंद हाय?" मी चालू आहे म्हटलं की गप्प बसायची. दुसऱ्या दिवशी तिने शेंगोळे कसे करायचे ते सांगितलं. हुलग्याचं पीठ किती सैल, पानी कधी उकळतं, लसूण ठेचून घालायचा, चिरून न्हाई. मग आपोआप सुटली. मी लहानपणी पाटीवरची पेन्सिल खायचे आणि मार तिला बसायचा. आई गेली तेव्हा मी शिकायला नगरला होते आणि मला कळवायला कुणी गेलं नाही, म्हणून ती स्वतः एसटीने आली होती, आणि मला पाहून काय बोलावं ते तिला सुचलं नव्हतं. हे मला माहीत होतं. तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

एक कबूल करते. त्या तीन दुपारीही मी तिला दोनदा टोकलं. न्हाई नव्हे, नाही. पानी नव्हे, पाणी. जन्मभराची खोड. यंत्रात तेही भरलं गेलं. त्यावर ती म्हणाली, "तुझं बरोबर आसंल बाई, पन मला आता शिकून काय करायचं हाय?"

शेवटी तिने यंत्राकडे बोट दाखवून विचारलं, हे मला ऐकू येईल का. मी लावायला निघाले तर नको म्हणाली. आपलाच आवाज ऐकायला भ्या वाटतं, म्हणाली.

ऑपरेशन नीट झालं. गळ्याला भोक, त्यातून श्वास. गळ्याला टेकवून बोलायचं एक यंत्र डॉक्टरांनी तिला दाखवलं, त्यातून भुंग्यासारखा आवाज यायचा. तिने मानेनेच नको म्हटलं. चौथीपर्यंत शिकलेली होती, ते कामी आलं. ती नातवंडांच्या पाटीवर लिहायला लागली, जसं बोलायची तसंच.

मी बेलापूरला परतले. सातला फोन वाजायचा बंद झाला. पहिले काही दिवस मी त्या वेळी मुद्दाम बाजारात जायचे. मग यंत्र काढलं. रोज सातला एक दुपार ऐकायची, असं सुरू झालं. कानात तारा घालून स्वयंपाक करायचे. ती म्हणाली लसूण ठेच की मी ठेचायचे. शेंगोळे मला आवडत नाहीत, तरी त्या महिन्यात सहा वेळा केले. ती कुठे थांबते, कुठे खाकरते, मागून कुणाची मोटारसायकल जाते, सगळं पाठ झालं. कुणी पाहिलं असतं तर म्हातारी बिघडली म्हणालं असतं. पण पाहणारं कुणी नव्हतं, तोच तर प्रश्न होता.

दोन-अडीच महिन्यांनी तिला भेटायला गेले. वाळली होती. सून चांगली आहे, पण ती शेतात जाते, पोरं शाळेत. आक्का दिवसभर खाटेवर. पाटीवर तिने लिहिलं, दिस सरत न्हाई. मी पर्समधून यंत्र काढलं आणि पंधरा दिवसांसाठी तिच्या हातात दिलं. रेडिओ ऐक, गाणी ऐक. मला जड गेलं, पण तिचा दिवस माझ्या संध्याकाळपेक्षा लांब होता. कॉपी काढून ठेवायला हवी होती, असं आता सगळे म्हणतात. तेव्हा उंटावरचे हे शहाणे कुठे होते कुणास ठाऊक. माझ्याकडे कॉम्प्युटर नाही. भाचा दिवाळीला करून देणार होता, आणि दिवाळी यायची होती.

पंधरा दिवसांनी भाच्याबरोबर यंत्र परत आलं, धुतलेल्या फडक्यात गुंडाळून. सोबत शेंगदाण्यांची पिशवी आणि चिठ्ठी. 'गानी भरून घेतली हायत. रिकामं कसं द्यायचं.'

आमच्यात कुणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत. वाटीभर डाळ उसनी आणली तर वाटीत निदान साखरेचे चार दाणे घालून द्यायचे. आक्का तर या बाबतीत कडक. मी दिलेला प्रत्येक डबा तिच्याकडून काहीतरी घेऊनच परत यायचा. यंत्रही तिच्या लेखी एक भांडंच होतं. बाजारच्या दिवशी ती स्वतः मोबाईलच्या दुकानात गेली होती, पाटी घेऊन. 'गानी भरून द्या.'

संध्याकाळी मी तारा कानात घातल्या. अभंग लागला. पुढचं बटण दाबलं, गौळण. पुढे लग्नाची गाणी, जुनी सिनेमाची गाणी, पुन्हा अभंग. मी खाली खाली जात राहिले. दोनशे चाळीस गाणी होती. आक्का कुठेच नव्हती. मी ओट्याला धरून उभी राहिले, गॅस बंद करायचंही सुचलं नाही आणि भाजी करपली.

चिठ्ठीच्या मागे दुकानाचा नंबर होता. दुकानदार सरळ माणूस वाटला. "कार्डात जागा न्हवती मॅडम," तो म्हणाला. "मी आक्कांना इचारलं हुतं, जुनं काडू का म्हनून. त्यांनी मान हलवली." परत मिळेल का विचारलं, तर म्हणाला, वर दुसरं भरलंय, आता काही न्हाई हुनार. त्याला शिव्या द्याव्या असं वाटलं. पण त्याने विचारलं होतं, आणि 'जुनं म्हणजे काय' हे उलटून विचारायला आक्काजवळ आवाज नव्हता.

राग तिचाही आला, खोटं कशाला बोलू. दहा दिवस मी खुशालीही कळवली नाही. आयुष्यभर माझी भांडी भरून दिलीस, एखादं तसंच दिलं असतंस तर काय बिघडलं असतं, असं मनात तिच्याशी भांडत होते. भांडताना ती उत्तर द्यायची, तिच्या आवाजात. त्यावर मी जगत होते.

मग गेले तिसगावला. ठरवून गेले होते की काही सांगायचं नाही. गाणी छान आहेत म्हणायचं, जेवायचं, दुपारच्या एसटीने परतायचं. तसं म्हटलंही. आक्का खूश झाली. भाकरी झाल्यावर तिने मला ओट्यावर बसवलं, पाटी पुसली, आणि बराच वेळ लिहून माझ्यापुढे धरली.

'आता भ्या न्हाई वाटत. माजा आवाज ऐकव.'

मशीन घरी राहिलं, असं सांगता आलं असतं. पण ते माझ्या पर्समध्ये होतं आणि तिला दिसत होतं. मुलांचं खोटं पकडण्यात माझा जन्म गेला, पण स्वतःला बोलायला ऐन वेळी जमत नाही. मी म्हटलं, "आक्का, ते पुसलं गेलं गं. गाणी भरताना."

तिने पाटीवर लिहिलं, 'मी पुसला?' मी नाही म्हटलं, दुकानदाराने पुसला म्हटलं. तिने ते ऐकून घेतलं. मानलं नाही, एवढं मला कळलं. तिचा हात गळ्याजवळच्या फडक्यापाशी गेला आणि तिथेच राहिला. मला वाटलं रडेल. रडली नाही. पाटी पुन्हा पुसून तिने दोन शब्द लिहिले.

'तू म्हन.'

मला कळेना. तिने माझ्या तोंडाकडे बोट दाखवलं, मग स्वतःकडे.

मी सुरुवात केली. चालू हाय का बंद हाय. मग पुन्हा तेच, चार वेळा, ती म्हणाली होती तितक्या वेळा. मग हुलग्याचं पीठ, मग पानी. मला सगळं पाठ होतं. ती जिथे थांबायची तिथे मी थांबले, खाकरायची तिथे खाकरले. एके ठिकाणी तिने हात वर केला, हळू, असं. मी हळू घेतलं. पेन्सिल खाल्ल्याचं आलं तेव्हा ती हसली, खांदे हलले, आवाज नाही. आई गेल्याचं आलं तेव्हा मला बोलता येईना. तिने माझी पाठ थोपटली आणि पुढे म्हण, अशी खूण केली. शेवटपर्यंत म्हणवून घेतलं. संपल्यावर लिहिलं, 'लई बोलायचे की मी.'

दुपारची एसटी चुकली, पुढची मिळाली. खिडकीशी बसून मी पुन्हा आठवायला लागले. दहा दिवस, शेजारी कुणी नसताना, मनात तिचाच आवाज तर ऐकला होता. शेंगोळ्यांपासून सुरुवात केली. शब्द सगळे होते, थांबणं होतं, खाकरणंही होतं. पण ऐकू येत होता तो माझा आवाज होता. मी तिसगावपासून बेलापूरपर्यंत आक्काला शोधत आले, आणि दर वेळी मीच बोलत होते.