लेकराले आधी इचारणाऱ्या सुलभाताई

लिहिण्यात चुका असतीन तं माफ करजा. मोबाईलवर एका बोटानं लिहून राह्यली, त्याच्यानं वेळबी लय लागून राह्यला. सुलभाताईले साठ वर्षं झाले म्हणून निघणाऱ्या गौरवाच्या पुस्तकात उमरखेडचे सर, डॉक्टर, मोठमोठे लोक लिहून राह्यले, अन् सराइनं मलेबी लिहाले लावलं. काहून, ते मले समजलं नाही. मायी शाळा आठवीतच सुटली. चार माणसांत मायं तोंड उघडत नाही. पण ताईसाठी नाही म्हणणं बरं दिसत नाही.

ढाणकीजवळच्या आमच्या तांड्यात ताई पयल्यांदा आल्या, तवा मी गोलूले घिऊन समाजमंदिराच्या पायरीवर बसली होती. गोलू माया भावाचा पोरगा. भाऊ-वहिनी ऊसतोडीले गेलते, तवापासून तो कोणाजवळच जात नव्हता. हात लावला का वरडे. ताई त्याच्यासमोर खाली बसल्या अन् म्हणाल्या, "गोलू, तुला उचलून घेऊ का?"

गोलूनं मान हलवली, नाही.

"बरं," म्हणाल्या अन् तशाच बसून राह्यल्या. मले वाटलं, या बाईले लेकरं सांभाळता येत नाहीत.

मंग समजलं. ताई नवऱ्याच्या नोकरीपायी लय वर्षं नॉर्वेत होत्या. घरी जीव लागेना म्हणून तिथल्या लहान पोराइच्या शाळेत बिनपगारी जात. भाषा येत नव्हती. पयल्याच दिवशी एक गुबगुबीत लेकरू दिसलं. ताईनं झपकन उचललं, त्याच्या तोंडावरून हात फिरवले अन् आपल्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडले, दृष्ट काढली. लेकराले वाटलं, या बाईनं सोताचे बोटं तोडले! ते असं रडलं का त्याच्यासंगं सारी शाळा रडली. तिथल्या बाईनं मंग इंग्रजीत सांगतलं, लेकराले उचलाच्या आधी इचारा. ताई म्हणे, "आणि ते नाही म्हणालं तर?" ते बाई म्हणे, "तर नाही." हे सांगताना ताई अजूनबी हासतात.

इकडं येऊन त्याइनं समाजमंदिरात पोरं सांभाळाची खोली चालू केली. तिथंबी तेच. मायी आई तोंडावर बोलली, "बाई, लेकराले कोण इचारते वं? त्याले काय समजते?"

शेजारची कमलाकाकी म्हणे, "आता बकरीलेबी इचारजा, दूध काढू का म्हणून."

"तिला कशाला विचारायचं? ती लाथ मारूनच सांगते," ताई म्हणाल्या. साऱ्या बाया हासल्या.

मले मात्र अजूनबी उमजत नाही. पोरगं नळाच्या चिखलात लोळते, तवाबी इचारत बसाचं का? आंघोळीले नाही म्हणलं तं? ताईले इचारलं, तं म्हणतात, "मलाही कधी कधी कळत नाही गं." साठ वर्षाच्या माणसाले कळत नाही, तं मले कवा कळन? पण ताई रोज इचारत, गोलू रोज मान हलवे. अन् एक दिवस त्यानं दोन्ही हात वर केले. ताईनं उचललं. तो त्याइच्या खांद्यावरच झोपून गेला. मले रडू आलं. काहून, काय माहीत.

आता तिकडंच राहणाऱ्या लेकीच्या बाळंतपणासाठी ताई परत नॉर्वेले चालल्या. कवा येतीन, सांगता येत नाही. खोलीत बसाले कोणी नाही भेटलं तं ते बंद होते. मांगच्या आठवड्यात मले म्हणाल्या, "पायल, तू बसशील का पोरांजवळ? नाही म्हटलंस तरी चालेल."

मी झाडू घिऊन खोली झाडाले लागली. मायी शाळा सुटली तवा मले कोणी इचारलं नव्हतं. 'नाही म्हटलंस तरी चालेल' असं तं कोणी कवाच म्हणलं नव्हतं. पोरं मायं ऐकतीन का? बाया पाठवतीन का? मले तं बाया दिसल्या का घाम सुटते.

ताई, तोंडानं सांगता आलं नाही, म्हणून साऱ्याइच्या समोर इथं लिहिते. हाव, बसते मी. चुकन लय. तुम्ही तिकडून फोनवर सांगजा. तुमचे गुडघे अशेच मजबूत राहोत, नातवाच्या पोराइसमोरबी तुमाले खाली मांडी घालून बसता येवो. तब्येत सांभाळजा.

अन् हे लिहून राह्यली तं बाहेर फटाके फुटून राह्यले. कमलाकाकीचा पोरगा पोलीस भरतीत लागला म्हणते! थांबा, पाहून येते.