इटलीच्या गाडीला नळदुर्गचा हातोडा

नळदुर्गचे तांबट बंडप्पा पांचाळ यांच्या घागरी पार सोलापूरपर्यंत जायच्या. पण १९५६ सालापासून त्या घागरींवर शेवटचा हात त्यांच्या बायकोचा, सिद्धम्माचा, असायचा, हे घराबाहेर कुणालाच ठाऊक नव्हतं. बंडप्पांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. भांडं घडवणं त्यांना अंदाजानं जमायचं. मठारणं, म्हणजे हातोडीच्या सारख्या ठोक्यांनी पत्रा नितळ आणि टणक करणं, जमेना. ते सिद्धम्मानं अंगावर घेतलं. गिऱ्हाईक आलं की ती हातोडी ठेवून भाता ओढायला बसायची.

"बाईनं मठारलं म्हनलं तर लोक घ्यायचे न्हायत," असं बंडप्पा म्हणायचे, आणि तिलाही ते खरंच वाटायचं.

त्यात बाजारात जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, भांडी आली. हलकी, स्वस्त. तांब्याची घागर आता फक्त लग्नापुरती उरली.

१९५९ च्या हिवाळ्यात हैदराबाद-सोलापूर सडकेवर एक गाडी लिंबाच्या झाडाला घासली. पुढं म्हैस आली होती. म्हैस वाचली, गाडीचं डावं मडगार्ड चुरगळून चाकात रुतलं. अशी गाडी गावानं कधी पाहिली नव्हती. लांबट, जमिनीला टेकल्यासारखी बुटकी, दोनच माणसांची बसायची जागा. मालक मोईनुद्दीनसाहेब हैदराबादचे. त्यांच्या जहागीरदार वडलांनी ती पंचवीस वर्षांपूर्वी इटलीतून आणवली होती. कारखान्यानं नमुना म्हणून तशी एकच घडवली; पुढं ते मॉडेल निघालंच नाही. त्यामुळं सुटा भाग कुठं मिळायचा प्रश्नच नव्हता. पुण्याला चार दिवसांनी पुतणीचा निकाह होता, आणि निकाहानंतर सासरी, हैदराबादला, आजोबांच्या याच गाडीतून जाणार असा तिचा हट्ट होता.

स्टँडजवळच्या मेस्त्रीनं मडगार्ड खोलून दिलं, पण ठोकायला नकार दिला. "हे लोखंड न्हाय, फाटंल," म्हणाला. त्यानंच बंडप्पांचं नाव सांगितलं. साहेब गाडी आणि सुटं मडगार्ड घेऊन बंडप्पांच्या दारात आले.

सिद्धम्मानं पत्र्यावर नख मारलं. "हे तर जर्मन हाय."

"जर्मन नै बाई, इटली की है," साहेब म्हणाले.

"आमच्यात ह्या पत्र्यालाच जर्मन म्हनतेत," बंडप्पांनी समजावलं. मडगार्डावरून त्यांनी दोनदा हात फिरवला. "साहेब, खोटं बोलून तुमची चीज बिघडवायची न्हाय मला. मला दिसत न्हाय. तीन साल झाले, मठारते ती ही."

साहेबांनी कोपऱ्यातली घागर उचलली, उजेडात फिरवून पाहिली. "ये भी इन्होंने?"

"व्हय."

"तो फिर यही करेंगी."

तांबं तापवून लाल झालं की मऊ पडतं, हे तिला माहीत होतं. तोच हिशेब धरून तिनं आधी जर्मनचं एक फुटकं झाकण भट्टीत धरलं. ते लाल झालंच नाही; बघता बघता वितळून निखाऱ्यात गळालं. साहेबांचा चेहरा उतरला. सिद्धम्मा आत जाऊन मूठभर ज्वारीचं पीठ घेऊन आली.

"हे कशाला?" बंडप्पांनी विचारलं.

"तवा कितपत तापलाय ते मी पिठावर वळखते. ह्यो पत्रा रंगानं सांगत न्हाय, तर पीठ सांगंल."

दुसऱ्या झाकणावर तिनं पीठ भुरभुरलं. ते तांबूस झालं तेव्हा पत्रा अजून ताठ होता. काळं पडलं तेव्हा तिनं तो चटकन बाहेर काढला, निवू दिला. हातानं वाकवला तर कापडासारखा वाकला. असे चार तुकडे तापवून बघितल्यावर मगच तिनं मडगार्डाला हात घातला.

तीन दिवस ठोके चालू होते. खाली वाळूची पिशवी, वर लाकडी मोगरी, मग हातोडी. बंडप्पा गाडीच्या उजव्या, धड मडगार्डावर तळवा फिरवायचे, मग तोच तळवा तिच्या कामावर. "इथं जरा पोट निघालंय." ती तिथं ठोकायची. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्या तळव्याला कुठंच पोट लागलं नाही; ते उठले आणि हात धुवायला गेले.

मडगार्ड बसलं. बोल्टाची भोकंसुद्धा जागच्या जागी आली. रंग द्यायला सवड नव्हती. गाडी तशीच, डावा गाल चांदीसारखा चमकवत, पुण्याला गेली.

परतताना ती पुन्हा थांबली. नवी नवरी उतरली, सिद्धम्माचे हात हातात घेऊन उलटसुलट बघू लागली, आणि म्हणाली, "चलिए, एक चक्कर." स्वतः मागं थांबून तिनं सिद्धम्माला काकांच्या शेजारी बसवलं. किल्ल्याच्या दरवाजापर्यंत जाऊन गाडी वळली. दुकानदार पायऱ्यांवर उभे राहून बघत होते. सिद्धम्मानं पदर दातात धरला होता, कारण वारा लई होता.

पुढच्या वर्षभरात सडकेवरचे ट्रकवाले चेपलेली दारं, मडगार्डं घेऊन तिच्याकडं येऊ लागले. एकदा एका पंजाबी ड्रायव्हरनं बंडप्पांना नमस्कार करून काम सांगायला सुरुवात केली.

"मला नगा सांगू," बंडप्पा म्हणाले. "मेस्त्री त्या हायत. जरा दम धरा, भाकरी खायलेत."