सासरी गेलेला प्रोग्राम

माधवीने हौसेने लिहून फुकट वाटलेला प्रोग्राम आज आमच्याच ऑफिसच्या सर्व्हरवर बंद पडला. सेटिंगची फाईल तिने स्वतः ठरवलेल्या जागी शोधली, तर तिथे काहीच नव्हतं.

"मॅडम, आपण वापरतो त्या लिनक्सवाल्यांनी तुमचा प्रोग्राम त्यांच्या संचात घेताना ती हलवलीये," सर्व्हर सांभाळणारा नितीन म्हणाला. "प्रोग्रामचं नावही बदललंय. आत थोडी दुरुस्तीसुद्धा केलीये."

"मला न विचारता?"

"विचारायचं काय त्यात? ते म्हणतात, आमच्याकडे सगळ्यांच्याच फायली एका जागी ठेवतात."

हे 'आमच्याकडे' मी ओळखते. ताटातल्या तांदळात अंगठीने नवं नाव लिहिलं, की ते सुरू होतं. आमच्याकडे आमटीत गूळ घालतात. आमच्याकडे डबे वरच्या फळीवर असतात. खोटं कशाला बोलू, अशाने घर शिस्तीत चालतंही.

तासाभराने बिघाड सापडला. तो त्यांनी केलेल्या दुरुस्तीतच होता.

"मग तक्रार त्यांच्याकडे जाऊ दे," माधवी म्हणाली.

नितीन हसला. "लोक मूळ लेखकालाच धरतात, मॅडम. मेल बघा तुमचा."

तिने मेल उघडला. कुणा अनोळखी माणसाने एकच ओळ लिहिली होती: "असलं ध्यान आमच्या गळ्यात कशाला मारलंत?"